फोन कंपनीशी भांडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलुंड पूर्वेला आमची ६४ घरांची सोसायटी. मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यामुळे प्रत्येक गोष्ट वहीत टिपून ठेवायची खोड अजून गेलेली नाही. दोन वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात घरचं इंटरनेट ४७ दिवस बंद होतं. कंपनी मोठी, देशभर जाहिराती करणारी. नाव लिहीत नाही, कारण तुमची कंपनी वेगळी असली तरी अनुभव हाच असेल. त्या ४७ दिवसांचे १,१०७ रुपये मी परत मिळवले. तेव्हापासून लिफ्टमध्ये, भाजीवाल्याच्या गाडीवर, गणपतीच्या मीटिंगमध्ये लोक मला तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. मी वकील नाही.

कस्टमर केअरला माणूस का लागत नाही? नुसती ‘एक दाबा, दोन दाबा’च चालू असतं.

लागतो, पण तो मिळेपर्यंत आपण कंटाळून फोन ठेवावा अशीच ती रचना असते. तक्रारीचा क्रमांक १९८, माहितीचा १२१. बहुतेक लोक १२१ लावतात आणि नव्या पॅकच्या जाहिराती ऐकत बसतात. तक्रार असेल तर १९८च लावा.

दूरसंचार नियामक ट्रायने २०१२ साली तक्रार निवारणाचे नियम केले. या स्वयंचलित उत्तरांच्या पायऱ्यासुद्धा त्यात ठरवून दिल्या आहेत. पहिल्या पायरीवर भाषा, दुसरीवर तक्रारीचा ढोबळ प्रकार, तिसरीवर उपप्रकार, आणि त्या तिसऱ्या पायरीवर माणसाशी बोलण्याचा पर्याय असलाच पाहिजे. म्हणजे नियमाप्रमाणे माणूस तीन जिने चढल्यावर भेटायला हवा. मधल्या मजल्यांवर ‘आमच्या ॲपमध्ये जा’ असं सांगणारी बाई भेटली, तर तिचं ऐकून फोन ठेवू नका.

एक गंमत सांगतो. १०० पैकी ९५ कॉल ९० सेकंदांच्या आत माणसाने उचलावेत, असाही सेवेच्या दर्जाचा निकष आहे. पण घड्याळ सुरू होतं ते आपण माणसाचा पर्याय दाबल्यावर. त्याआधी सनई ऐकण्यात गेलेली सात मिनिटं कुणाच्याच हिशोबात येत नाहीत.

एजंट इतका गोड बोलतो, ‘सर, आपली गैरसोय मी समजू शकतो’ म्हणतो, मग काम का होत नाही?

कारण त्याच्या हातात काही नसतं. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा मालाडच्या एका कॉल सेंटरला दीड वर्ष होता. त्याच्याकडून कळलं ते असं : समोर स्क्रीन, स्क्रीनवर ठरलेली वाक्यं, आणि कॉल किती मिनिटांत संपवला यावर महिन्याचे गुण. तो लाइनमनला फोन लावू शकत नाही. तुमच्या गल्लीतली केबल तुटली आहे की नाही, हे त्याला दिसतही नाही. तो बसलेला असतो कुठे तरी तिसऱ्याच शहरात, बऱ्याचदा तिसऱ्याच कंपनीच्या पगारावर.

म्हणून त्याच्यावर ओरडण्यात काही हशील नाही. मीही पहिले आठ दिवस ओरडलो. बीपीची गोळी वाढली, राउटरवरचा लाल दिवा तसाच राहिला. त्या पोराकडून दोनच गोष्टी मिळण्यासारख्या असतात, तक्रार क्रमांक आणि मुदत. त्या घ्या, ‘थँक्यू बेटा’ म्हणा आणि फोन ठेवा. खरं भांडण त्यानंतर सुरू होतं, आणि ते कागदावर करायचं असतं.

तक्रार क्रमांकाचं एवढं काय?

सगळं तिथेच अडतं. २०१२च्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो. त्याला हे लोक डॉकेट नंबर म्हणतात. तो क्रमांक, नोंदीची तारीख-वेळ आणि तक्रार कधीपर्यंत सुटेल ती मुदत, एवढं एसएमएसने कळवावं लागतं. हा क्रमांक नसेल तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही फोन केलाच नाही. बँकेत पावतीवर शिक्का नसेल तर पैसे भरलेच नाहीत असं धरतात, तसंच हे.

एजंट कधी कधी ‘रिक्वेस्ट नंबर’ देतो आणि आपण खूश होतो. तेव्हा स्पष्ट विचारायचं, ‘ही विनंती आहे की तक्रार?’ आपण तक्रार सांगतो आणि तो विनंती म्हणून नोंदवतो. मग महिन्याने कंपनी म्हणते, ‘आपली एकही तक्रार आमच्याकडे नाही.’ माझ्या पहिल्या चार फोनचं असंच झालं.

माझ्या वहीत पाच रकाने होते : तारीख, वेळ, क्रमांक, एजंटने सांगितलेलं नाव, आणि तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत. ४७ दिवसांत ११ क्रमांक झाले. दर वेळी नवा एजंट ‘सर, नेमका प्रॉब्लेम काय आहे?’ इथूनच सुरुवात करायचा. कंपनीला कालचं आज आठवत नाही, निदान आपल्याशी बोलताना तरी. आठवण ठेवायचं काम आपल्याकडे येतं.

‘आपली तक्रार सोडवली आहे’ असा मेसेज आला, पण नेट बंदच आहे. आता?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. मुदत संपत आली की आतल्या यंत्रणेत तक्रार बंद करून टाकतात, म्हणजे अहवालात सगळं वेळेत झालेलं दिसतं. बंद करताना लिहायला काही कारण लागतं, आणि सगळ्यात सोपं कारण म्हणजे ‘ग्राहक घरी नव्हते’.

आमच्याकडे एका मंगळवारी ‘आमचे इंजिनिअर येऊन गेले, ग्राहक उपलब्ध नव्हते’ असा मेसेज आला. त्या वेळी मी, बायको आणि सत्यनारायणासाठी आलेले वीसेक पाहुणे घरात होतो. खाली वॉचमनच्या रजिस्टरमध्ये त्या दिवशी त्या कंपनीची एकही नोंद नव्हती. मी त्या पानाचा फोटो काढून ठेवला. मुंबईत प्रत्येक सोसायटीच्या गेटवर असं रजिस्टर असतं आणि एरवी आपण त्याची टिंगल करतो. इतका सज्जड पुरावा दुसरा नाही. कोण आलं, किती वाजता आलं, कुठल्या फ्लॅटमध्ये गेलं, सगळं परक्या माणसाच्या अक्षरात.

तर असा मेसेज आला की त्याच दिवशी १९८ लावायचा, ‘आधीची तक्रार खोटं कारण देऊन बंद केली आहे’ असं सांगायचं, जुना क्रमांक उच्चारायचा आणि नवा घ्यायचा. मेसेज पुसू नका. बंद राउटरचा लाल दिवा आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र एकाच फोटोत घ्या. शेजारी हसतील, हसू द्या.

ते खरंच येत का नाहीत पण?

मुंबईत घराघरांत येणारी तार बऱ्याच ठिकाणी कंपनीची स्वतःची नसते. नाव मोठ्या कंपनीचं आणि शेवटचा तुकडा गल्लीतल्या केबलवाल्याचा किंवा ठेकेदाराचा. बिल एक जण घेतो, शिडी दुसऱ्याकडे असते. आमच्या इथे रस्त्याच्या काँक्रिटीकरणात फायबर तुटली होती. कंपनी म्हणे ठेकेदार जोडेल, ठेकेदार म्हणे महापालिकेची परवानगी नाही, आणि खड्ड्यावर उभा असलेला मुकादम म्हणे, ‘आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही.’ हे त्रिकूट कस्टमर केअरच्या स्क्रीनवर कधीच दिसत नाही, तिथे फक्त ‘इंजिनिअर असाइन्ड’ असं दिसतं. कारण समजून घ्या, पण त्यावर दया दाखवू नका. करार तुमचा कंपनीशी आहे, ठेकेदाराशी नाही.

किती दिवस वाट पाहायची?

ज्या तक्रारीला वेगळी मुदत ठरवून दिलेली नाही ती तीन दिवसांत सुटली पाहिजे. बिलाच्या तक्रारीला जास्त दिवस मिळतात. घरातल्या तारेच्या जोडणीचा बिघाड तीन दिवसांत निघाला नाही, तर भाड्यात सूट देण्याची तरतूद २०२४च्या सेवा-दर्जा नियमांत आहे. पण ही सूट आपोआप बिलात उतरलेली मी तरी पाहिली नाही, मागावी लागते. मागताना आकडा सांगा. ‘नुकसान भरपाई द्या’ यावर कुणी काही करत नाही. माझं भाडं महिन्याला ५९९, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०६.८२. दिवसाला २३.५६. गुणिले ४७. एवढं मांडून दिलं की समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं.

मोबाइलसाठीही तरतूद आहे. एखाद्या जिल्ह्यातलं नेटवर्क २४ तासांहून जास्त वेळ बंद राहिलं, तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ.

तीन दिवस झाले, काहीच नाही. पुढे?

अपील करायचं. प्रत्येक कंपनीला अपील प्राधिकारी नेमावा लागतो आणि ही गोष्ट कस्टमर केअरवाले स्वतःहून कधीही सांगत नाहीत. ‘वरिष्ठांशी बोला’ म्हणून ज्याच्याकडे फोन देतात तो म्हणजे शेजारच्याच खुर्चीतला दुसरा एजंट, अपील प्राधिकारी नव्हे. खऱ्या प्राधिकाऱ्याचा ईमेल आणि पत्ता ट्रायच्या संकेतस्थळावर कंपनी आणि सर्कलनुसार, म्हणजे दूरसंचाराच्या विभागानुसार, मिळतो. सर्कल निवडताना ‘मुंबई’ निवडा, ‘महाराष्ट्र’ नको. दूरसंचाराच्या नकाशावर मुंबई आणि महाराष्ट्र ही दोन वेगळी राज्यं आहेत. नवी मुंबई आणि कल्याणही मुंबई सर्कलमध्येच येतात. डोंबिवलीच्या एका गृहस्थांचं अपील चुकीच्या सर्कलला जाऊन तीन आठवडे पडून होतं.

अपील फुकट असतं. तक्रारीची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत करायचं आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा. चाळीस नाही, एकोणचाळीस, बाटाच्या किमतीसारखं. मजकूर एका पानाचा हवा. वर ग्राहक क्रमांक, मग तारखांसह डॉकेट नंबर, मग मागणी, मग आकडा. ‘मी ज्येष्ठ नागरिक असून मला अतोनात मनस्ताप…’ हा परिच्छेद मीही लिहिला होता. मुलीने खोडला. तिचं बरोबर होतं.

माझ्या अपिलानंतर सहाव्या दिवशी एका बाईंचा फोन आला. ‘सर, तुमच्याकडे सगळे नंबर आहेत?’ त्यांचा आवाज पहिल्या ११ आवाजांपेक्षा वेगळा होता, कारण समोर उघडलेली स्क्रीनही वेगळी असणार.

ट्रायकडे थेट तक्रार करता येते का?

करता येते, पण उपयोग मर्यादित. ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाचं भांडण सोडवत नाही. आलेली तक्रार ती कंपनीकडे पाठवून देते. त्यापेक्षा केंद्र सरकारच्या लोकतक्रार पोर्टलवर, म्हणजे सीपीग्राम्सवर, दूरसंचार विभाग निवडून नोंद करा. तिथे २१ दिवसांत निपटारा करायचं धोरण २०२४ पासून आहे आणि कंपन्या त्या नोंदीला घाबरतात असा माझा अनुभव आहे. पण आधी कंपनीकडे तक्रार आणि अपील झालेलं दाखवता आलं पाहिजे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ हाही एक दरवाजा आहे. मराठीत बोलता येतं. खटला दाखल करण्याआधी मध्यस्थी करून प्रकरण मिटवणं हे त्यांचं काम.

ग्राहक न्यायालयात जाता येतं? मला कुणी तरी सांगितलं, टेलिफोनची प्रकरणं तिथे चालत नाहीत.

ती जुनी गोष्ट. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने जुन्या टेलिग्राफ कायद्याचा हवाला देऊन तसं म्हटलं होतं आणि पुढे बरीच वर्षं कंपन्यांचे वकील तोच निकाल पुढे करायचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की दूरसंचार सेवेविरुद्धची तक्रार ग्राहक मंचापुढे चालते. हे लक्षात ठेवा, कारण त्यांच्या पत्रात जुनं वाक्य अजूनही येऊ शकतं.

आता नाव जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग असं आहे. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने एक फार मोठी सोय केली. कंपनीचं मुख्य कार्यालय दिल्लीत असो की गुरुग्रामला, तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, आणि इंटरनेटच्या बिलात आपण पाच लाख काही भरत नाही. वकील लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायचं. आता हे ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होतं, आधी त्याला ई-दाखिल म्हणत.

कंपनीला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात, फार तर १५ वाढवून. ४५च्या पुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवलं. ही तरतूद आपल्यासारख्यांसाठी सोनं आहे. तरीही निकाल कायद्यातल्या तीन महिन्यांत लागेल या भ्रमात राहू नका, तारखा पडतात.

एकट्याने जायला बिचकत असाल तर विलेपार्ल्याला कूपर हॉस्पिटलच्या मागे ग्राहक भवन आहे, मुंबई ग्राहक पंचायतीचं. १९७५ पासूनची संस्था. तिथले कार्यकर्ते कागद बघून मार्ग सांगतात. नुसतं तोंडी सांगायला मात्र जाऊ नका. वही घेऊन जा.

मराठीत बोललं तर चालतं का?

चालतं, आणि बोलाच. मराठीचा पर्याय दाबला की कधी कधी रांग लहान असते. पण पर्याय मराठीचा आणि पलीकडून ‘सर, हिंदी में बताइए’ असंही होतं. तेव्हा ‘मराठी बोलणारा एजंट द्या’ म्हणा आणि थांबा. माझं म्हणणं अस्मितेचं कमी आणि सोयीचं जास्त आहे. चिडलेल्या माणसाला परभाषेत तपशील नीट सांगता येत नाही आणि तारीख चुकते. आमच्या सौ. हिंदीत ‘परसों’ म्हणाल्या, एजंटने परवा येणाऱ्या दिवशी भेट ठरवली, आणि बिघाड परवा झालेला होता.

एमटीएनएलच्या काळी बरं होतं का?

नव्हतं. एमटीएनएल १९८६ साली मुंबई-दिल्लीसाठी स्थापन झाली. त्या काळात फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं, आणि पावसाळ्यात खड्ड्यातल्या केबलमध्ये पाणी शिरलं की अख्ख्या चाळीचे फोन घशात पाणी गेल्यासारखे गुळण्या करायचे. फरक इतकाच की लाइनमन ओळखीचा होता. दिवाळीला त्याला पोस्त दिली जायची आणि तो डब्याच्या सुट्टीत येऊन तार जोडून जायचा. हा भ्रष्टाचारच होता. पण त्याला हाक मारता यायची.

कंटाळलो, नंबर पोर्ट करतो. किती सोपं आहे?

तोच नंबर ठेवून कंपनी बदलायची ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. इंग्रजी कॅपिटलमध्ये ‘पोर्ट’, मग एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा एसएमएस १९०० ला करा. आठ अक्षरी कोड येतो आणि तो चार दिवस चालतो. तो नव्या कंपनीच्या दुकानात द्यायचा. त्याच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमधून पाच. म्हणजे पुण्याहून बदली होऊन ठाण्याला आलात तर पाच, कारण वर सांगितलेली ती दोन राज्यं.

अडतं कुठे, तर थकलेलं पोस्टपेड बिल, सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण नसणं, किंवा नुकतंच सिम बदललेलं असणं. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्ट करता येत नाही. चोर तुमच्या नावाचं नवं सिम काढून नंबर पळवतात, त्याला आळा घालायचा हा उपाय आहे, त्यामुळे त्यावर चिडू नका. ऑफिसने दिलेला नंबर असेल तर ऑफिसचं पत्र लागतं.

कोड काढल्यावर संध्याकाळपर्यंत जुन्या कंपनीचा फोन येतो, आणि जे एजंट महिनाभर सापडत नव्हते ते स्वतःहून निम्म्या दरात पॅक देऊ लागतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी दर सहा महिन्यांनी नुसता कोड काढतात, पोर्ट करतच नाहीत. मी त्यांना शहाणं म्हणतो, त्यांचे यजमान वेगळा शब्द वापरतात.

न मागितलेली गाणी, क्रिकेटचे मेसेज सुरू झाले आणि पैसे कापले.

१५५२२३ ला फोन करून लगेच बंद करा. अशी सेवा चालू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यायची असते. घेतली असेल तर दाखवा म्हणून १९८ वर तक्रार करा. प्रीपेड असाल तर मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार हिशोब मागता येतो, त्याला ५० रुपयांहून जास्त घेता येत नाहीत. कधी काय कापलं ते त्यात कळतं.

महिना तीस दिवसांचा, पॅक २८ दिवसांचा. हे कसं?

२८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्षाला तेरावा रिचार्ज. यावर ओरड झाली तेव्हा २०२२ मध्ये ट्रायने सांगितलं की ३० दिवसांचा किमान एक पॅक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा किमान एक पॅक ठेवाच. ते असतात, ॲपमध्ये खूप खाली.

चौथ्या मजल्यावरच्या आजींकडे बटणांचा फोन आहे आणि त्यांच्या पॅकमध्ये रोज दीड जीबी डेटा होता. त्या विचारायच्या, ‘तो कुठे ठेवायचा असतो?’ डिसेंबर २०२४च्या दुरुस्तीनंतर फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅकही कंपन्यांना ठेवावे लागतात, ३६५ दिवसांपर्यंतचेही चालतात. दुकानदार आपणहून दाखवत नाही. नाव घेऊन मागा.

घरात रेंजच येत नाही.

तक्रार करा, पण फार आशा ठेवू नका. आधी दोन-तीन कंपन्यांची सिम असलेल्या शेजाऱ्यांना आपल्या स्वयंपाकघरात उभं करून बघा. कुठे कोणती सेवा आहे याचे नकाशे कंपन्यांना आता आपल्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात, तेही पाहा. घरी वायफाय असेल तर फोनमधलं वायफाय कॉलिंग चालू करा. आणि सोसायटीच्या गच्चीवर टॉवर नको म्हणून ज्यांनी सर्वसाधारण सभेत हात वर केले होते, त्यांनी हा प्रश्न मला विचारू नये.

गुगलवर कस्टमर केअरचा नंबर मिळाला, त्याने एक ॲप टाकायला सांगितलं.

टाकू नका. टाकलं असेल तर आधी इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. शोधून सापडलेले नंबर बऱ्याचदा ठगांचे असतात. खरा नंबर बिलावर किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये असतो. ‘ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होणार, नऊ दाबा’ असा फोनही येतो. ट्राय कुणाला असे फोन करत नाही. आमच्या सोसायटीत एका निवृत्त मुख्याध्यापकांनी नऊ दाबला होता. पुढचं त्यांच्या परवानगीशिवाय लिहीत नाही. आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. मर्यादा नऊ. मुख्याध्यापकांच्या नावावर दोन अनोळखी निघाली.

सेवा नाही तर बिलही भरणार नाही. चालेल?

मनाला बरं वाटतं, पण नको. थकबाकी दाखवून ते पोर्ट अडवतात, मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू होतात, आणि कर्जाच्या पतनोंदीत डाग पडू शकतो. भरा, पण त्याच दिवशी ईमेल करा की हे बिल हरकत राखून भरत आहे. मी तेच केलं. ती दोन ओळींची ईमेल पुढे अपिलात कामी आली.

जोडणी तोडली, तरी बिलं येतायत. राउटर परत केला नाही म्हणतात.

राउटर त्यांचा असतो, परत करावाच लागतो. पण न्यायला येणारा मुलगा तो बॅगेत टाकतो आणि जातो. दोन महिन्यांनी ‘उपकरण जमा नाही’ म्हणून अडीच हजारांचं बिल येतं. पावतीशिवाय राउटर हातात देऊ नका. पावतीबुक नसेल तर कोऱ्या कागदावर लिहून घ्या : राउटरच्या मागचा अनुक्रमांक, ॲडॅप्टर दिला की नाही, तारीख, वेळ, सही. मग त्या मुलाचा राउटर हातात धरलेला एक फोटो, त्याला विचारून. आमच्याकडे आलेला मुलगा कुर्ल्याहून दोन गाड्या बदलून आला होता आणि सकाळपासूनचं त्याचं नववं घर होतं. चहा घेतला, सही केली, ॲडॅप्टर मात्र विसरून गेला. तो अजून माझ्या कपाटात आहे. त्याचं बिल आलं तर कुठल्या रकान्यात लिहायचं ते ठरवून ठेवलंय.